रांझीचा मुलगा आणि रमण राघव

जबलपूरहून बोलतोय. मागच्या वेळी नर्मदेच्या घाटांवर बोललो तेव्हा काहींनी सांगितलं, की काका, देवधर्म पुष्कळ झालं, आता एकदा सिनेमावर बोला. तर आज सिनेमावर बोलू. पण गाणी, हिरो-हिरॉइन, भेडाघाटची संगमरवरी नौकाविहाराची दृश्यं, यांतलं काही येणार नाही. आजचा सिनेमा एका खुन्यावरचा आहे. तासाभराहून थोडा मोठा, फार थोड्या पैशांत केलेला, आणि थिएटरात कधीच न लागलेला. नाव ‘रमण राघव’. साल १९९१. दिग्दर्शक श्रीराम राघवन.

जबलपुरात बसून मुंबईच्या खुन्यावरचा सिनेमा कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर रांझीत आहे. ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रांझी म्हणजे फॅक्टऱ्यांच्या बाजूची वस्ती. व्हेइकल फॅक्टरी, खमरिया, गन कॅरेज, या सरकारी कारखान्यांच्या भोंग्यावर या भागाचं घड्याळ चालायचं. मी स्वतः त्यातल्याच एका कारखान्याच्या हिशेब विभागात एकतीस वर्षं काढली. या रांझीत वाढलेला एक मुलगा १९६०च्या दशकाच्या शेवटी परीक्षेच्या धास्तीनं घरातून पळाला आणि अन्नू कपूर यांच्या वडिलांच्या पारशी नाटक कंपनीत शिरला. पगार रोजचा अडीच रुपये. गावोगाव तंबू ठोकायचे, पडदे ओढायचे, गायचं, पडेल ते काम करायचं. तिथून पुढे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. हे रघुवीर यादव. आजच्या पोरांना ते ‘पंचायत’मधले प्रधानजी म्हणून ठाऊक आहेत. आमच्या पिढीला ‘मुंगेरीलाल’ म्हणून. रमण राघव म्हणून मात्र ते जवळजवळ कुणालाच ठाऊक नाहीत. आमच्या गावातही नाहीत, हे मला जरा खटकतं.

आधी खरा रमण राघव कोण होता ते बघू. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गाच्या कडेनं झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले व्हायला लागले. डोक्यात जड, बोथट वस्तूचा घाव. चोरी झालीच तर अगदी क्षुल्लक. एकोणीस जणांवर हल्ले झाले, त्यातले नऊ जण गेले. तेव्हा हा माणूस पोलिसांच्या हाती लागला होता, पण पुरावा नव्हता, म्हणून सुटला. १९६८ मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. शहरभर इतकी भीती पसरली की लोक उकाड्यातही दारं लावून झोपायला लागले. ज्यांना दारच नव्हतं ते पाळीपाळीनं जागायचे. अनोळखी दिसला की जमाव त्याला धरून बडवायचा.

गुन्हे शाखेची सूत्रं तेव्हा रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आली होती. हे नाव मराठी माणसाला ओळखीचं असावं. पुढे मानवतच्या खुनांचा तपास यांनीच केला, आणि २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका आली तिच्यात आशुतोष गोवारीकरांनी यांचीच भूमिका केली. तर २७ ऑगस्ट १९६८ ला उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी रस्त्यात एका माणसाला ओळखलं. अंगावर खाकी अर्धी चड्डी आणि बुशशर्ट. नाव विचारलं तर म्हणाला सिंधी दलवाई. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी ताडून पाहिले तेव्हा रमण राघव निघाला. जवळ काय काय सापडलं ते ऐका. चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. एखाद्या निराधार म्हाताऱ्याच्या पिशवीत निघावं तसं सामान. मला तरी त्या यादीची जास्त भीती वाटते.

दोन दिवस तो तोंड उघडेना. मग कुणीतरी विचारलं, काय हवंय तुला? म्हणाला, कोंबडी. पोटभर कोंबडी खाल्ली. मग डोक्याला तेल, कंगवा आणि आरसा मागितला. तेल लावून, भांग पाडून, आरशात पाहून झालं, आणि मग बोलायला लागला. चाळीसहून जास्त खून केल्याचं त्यानं सांगितलं. कुठे, कसे, हत्यार कुठे लपवलं, सगळं. कोर्टात खटला मात्र उभा राहिला तो मालाड भागातल्या दोन खुनांचा. बाकीच्यांचं काय? ती माणसं रात्री रस्त्यावर झोपायची, त्यांच्या मागे तक्रार लावून धरणारं कुणी नव्हतं. अशा प्रत्येक गोष्टीत खुन्याचं नाव राहतं आणि मेलेल्यांचा फक्त आकडा उरतो.

आता थोडं वळण घेतो, कारण खुन्यानं शांतपणे बसून आपली कहाणी सांगायची, आणि आपण जीव मुठीत धरून ऐकायची, या प्रकाराचं एक मूळ आमच्या जबलपुरात आहे. १८३०च्या दशकात कर्नल स्लीमनचं ठगांविरुद्धचं काम इथून चालायचं. सिहोऱ्याच्या पुढे कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद लागतं, ते त्याच्याच नावाचं. फाशीतून वाचवलेले माफीचे साक्षीदार तो समोर बसवायचा, प्रश्न विचारायचा, उत्तरं उतरवून घ्यायचा. कसे शकुन पाहिले, प्रवाशाशी कशी दोस्ती केली, रुमाल कधी टाकला. १८३६ मध्ये कलकत्त्यात ‘रामसीयाना’ नावानं हे सगळं छापलं गेलं. तीन वर्षांनी निजामाच्या चाकरीतल्या मेडोज टेलरनं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी काढली. अख्खं पुस्तक खुनीच सांगतोय! विलायतेत धूमधडाक्यात खपली. ठगांची गोष्ट इंग्रजांनी किती फुगवली यावर इतिहासकार आजही भांडतात, त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं, की साहेब प्रश्न विचारतोय आणि खुनी खुलत चाललाय, हा देखावा जबलपूरच्या कचेरीतला काय आणि मुंबईच्या गुन्हे शाखेतला काय, एकच आहे. ऐकणाऱ्याला नकळत त्याची गोडी लागते. या प्रकारच्या सिनेमाची ताकद तीच, आणि धोकाही तोच.

श्रीराम राघवन पुण्यात वाढलेले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९८७ साली बाहेर पडले. पुण्यात वाढलेल्या त्या पिढीच्या माणसाला भीती म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर प्रकरणानं ते शहर संध्याकाळी सातला ओस पडायचं. त्याच्यावर मराठीत १९८६ ला ‘माफीचा साक्षीदार’ आला, नाना पाटेकरांचा. पुढे अनुराग कश्यप यांनी त्याच प्रकरणावरून ‘पाँच’ केला, तो सेन्सॉरमध्ये अडकला आणि थिएटरात आलाच नाही. राघवन यांनी मात्र पुण्याचं सोडून मुंबईचा रमण राघव घेतला. हा सिनेमा मोठ्या पडद्यासाठी नव्हताच, व्हिडिओसाठी होता. अर्धा माहितीपट, अर्धी कथा. चित्र भुरकट, प्रकाश जेमतेम, रस्ते खरे.

पैसा नसला की दिग्दर्शकाला बऱ्याच गोष्टी करता येत नाहीत, आणि त्यातल्या काही न झालेल्याच बऱ्या असतात. ‘रमण राघव’मध्ये खुन्याला शोभिवंत करायला लागणारं सामानच नव्हतं. चकचकीत छायाचित्रण नाही, अंगावर येणारं संगीत नाही, स्टार नाही. एक नट होता. सगळा भार त्याच्या चेहऱ्यावर.

आणि त्या नटाची गंमत बघा. १९८५ ला ‘मॅसी साहिब’, ज्यात तो साहेबासारखं व्हायची स्वप्नं पाहणारा कारकून. १९८८ ला मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’त तो चिलम, मुंबईच्या फुटपाथवरचा गर्दुल्ला. १९८९-९० ला दूरदर्शनवर मुंगेरीलाल, बसल्या जागी स्वप्नात हरवणारा. आणि लगेच रमण राघव. वरवर पाहिलं तर चार वेगळी माणसं. पण चौघंही आपल्या डोक्यातल्या जगात राहतात! मुंगेरीलालचं डोकं भरकटलं की सारा देश हसायचा. रमण राघवच्या डोक्यातही एक स्वतंत्र जग होतं. डॉक्टरांना त्यानं सांगितलं होतं, की जगं दोन आहेत, एक हे आणि एक ‘कानून’चं, आणि आपण त्या कानूनकडून आलोय. रघुवीर यादव यांनी मुंगेरीलालसाठी जे डोळे वापरले, समोरच्याकडे बघून न बघणारे, तेच इथेही वापरले आहेत, फक्त त्यातलं हसू काढून घेतलंय. दात-ओठ खाणं नाही, खदाखदा हसणं नाही. बोलणं असं, की रेशनच्या रांगेत मागे उभा असलेला माणूस बोलतोय. हिंदी सिनेमात वेडा खुनी म्हटलं की आवाज चढतो, केस पिंजारतात. आमच्या शेजारच्या गाडरवाऱ्याचे आशुतोष राणा, ‘दुश्मन’ आणि ‘संघर्ष’मध्ये त्यांनी तो प्रकार फार ताकदीनं केला, त्यांना मी कमी लेखत नाही. पण ते पाहून आपण घरी येतो आणि निवांत झोपतो. कारण तसा माणूस आपल्या गल्लीत नसतो. रघुवीर यादवांचा माणूस गल्लीत असू शकतो.

मग अशा कामाचं झालं काय? काही नाही. थिएटर नाही, पोस्टर नाही. कॅसेटी हातोहात फिरल्या. ज्यांनी पाहिला ते बहुतेक स्वतः सिनेमा करणारे किंवा करू पाहणारे. राम गोपाल वर्मांनी तो पाहिला आणि त्यातून राघवन यांना ‘एक हसीना थी’ मिळाला. तो आला २००४ ला. म्हणजे मध्ये तेरा वर्षं गेली. तेरा वर्षं! पुढे ‘जॉनी गद्दार’, ‘बदलापूर’, ‘अंधाधुन’, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आता इंटरनेटमुळे जुना ‘रमण राघव’ घरबसल्या बघता येतो.

२०१६ ला अनुराग कश्यप यांनी ‘रमन राघव २.०’ केला. त्यांना खरं तर साठच्या दशकातलीच गोष्ट करायची होती, पण आदल्याच वर्षी ‘बॉम्बे वेल्वेट’ सपशेल पडला होता, जुनी मुंबई उभारायला पैसा कोण देणार? मग गोष्ट आजच्या मुंबईत आणली. साडेतीन कोटींच्या आसपास खर्च, तीनेक आठवड्यांचं चित्रीकरण. सुरुवातीलाच पाटी येते, की हा सिनेमा त्या रमण राघवचा नाही. कानला दाखवला गेला, जूनमध्ये भारतात लागला. समीक्षकांत दोन तट. नवाजुद्दीन सिद्दीकींच्या कामावर कुणाचं दुमत नव्हतं, पण खुनी आणि व्यसनी पोलीस एकमेकांची प्रतिबिंबं आहेत, ही कल्पना काहींना खोल वाटली, काहींना ओढून ताणून आणलेली. मी दुसऱ्यांतला. पोलीस इतका सडका दाखवला की दोघांत तुलना करायला काही उरतच नाही.

त्यातला एक प्रसंग मात्र मी विसरणार नाही, आणि तो आपल्या अमृता सुभाषचा आहे. भाऊ कित्येक वर्षांनी बहिणीच्या दारात येतो. तिला बघताक्षणी कळतं, काय आलंय घरात. आणि तरी ती त्याला आत घेते, कोंबडी शिजवायला घेते. खऱ्या रमण राघवच्या कोंबडीचा हा धागा कश्यपनी फार हुशारीनं वापरलाय. नवरा आहे, मुलगा आहे, चुलीवर पातेलं आहे, आणि बाई जिवाच्या भीतीनं भावाशी गोड बोलतेय. या जातीच्या सिनेमात घाबरणाऱ्या माणसाकडे कॅमेरा एवढा वेळ थांबत नाही. इथे थांबला.

पण त्याच सिनेमाला, इथल्या मल्टिप्लेक्समध्ये, नवाजुद्दीनच्या एकेका वाक्यावर शिट्ट्या पडत होत्या. माझ्या पुढच्या रांगेतली पोरं मध्यंतरात त्याच्यासारखं चालून दाखवत होती. पोरांना मी दोष देत नाही. सिनेमानंच त्याला तसं चालायला शिकवलंय. १९९१ च्या रमण राघवची नक्कल कुणी करणार नाही, करण्यासारखं त्यात काही नाही. म्हणून मला जुना सिनेमा वरचा वाटतो.

आता जे सांगणार आहे, त्यासाठीच खरं तर हा विषय घेतला. आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून सिनेमा बघतो. नंतर चहा, पोहे आणि वादावादी. एकदा मी आग्रहानं जुना ‘रमण राघव’ लावला. संपल्यावर सगळे रघुवीर यादवांचं कौतुक करत होते, रांझी, फॅक्टरी, कुणाचा कोण वर्गमित्र होता वगैरे. एक बाई गप्प होत्या. त्यांचा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे, पंधराएक वर्षं औषधांवर आहे, हे आमच्यापैकी दोघा-तिघांनाच ठाऊक होतं. त्या मला म्हणाल्या, “दादा, सिनेमा चांगला आहे, पण आता या सगळ्यांना माझ्या भावाबद्दल मी कधी सांगणार?” भाड्याचं घर मिळताना त्यांना किती दारं बंद झाली तेही मग त्यांनी सांगितलं. घरमालक आजाराचं नाव ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातला कुणीतरी उभा राहतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्यानंतर मी खटल्याचं मिळेल ते वाचून काढलं.

खटल्यात नेमका हाच प्रश्न होता. १९६९ ला बचाव पक्षानं सांगितलं, की याचं मन ठिकाणावर नाही. पोलीस सर्जननं तपासून सांगितलं, की मानसिक आजार नाही. नायर हॉस्पिटलच्या मनोविकारतज्ज्ञांनी सांगितलं, की याला जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. भारतीय दंड संहितेचं ८४ वं कलम, आता न्याय संहितेत २२ वं, असं म्हणतं, की कृत्य करताना मनोविकृतीमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, बेकायदा आहे हे कळण्याची क्षमताच नसेल तर तो गुन्हा नाही. बघा, कायदा ‘आजारी आहे का’ एवढंच विचारत नाही, ‘त्या क्षणी कळत होतं का’ हे विचारतो. सत्र न्यायालयाला वाटलं, कळत होतं. फाशी झाली. त्यानं अपील करायलाही नकार दिला. पण फाशीला उच्च न्यायालयाची मान्यता लागतेच. उच्च न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ बसवलं. ते त्याच्याशी पुन्हा पुन्हा बोलले आणि त्यांचं मत पडलं, की हा बरा न होणारा रुग्ण आहे. शेवटी १९८७ साली फाशीची जन्मठेप झाली. येरवड्यात राहिला, पुण्यात उपचार झाले, १९९५ ला ससूनमध्ये मूत्रपिंडं निकामी होऊन गेला.

त्याच येरवड्यात १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये जोशी-अभ्यंकर प्रकरणातल्या चौघांना फाशी दिली होती. ती कॉलेजात शिकणारी, चित्रकला येणारी, शहाणी मुलं होती. कुठल्याही डॉक्टरनं त्यांना वेडं ठरवलं नाही. दहा माणसं त्यांनी ठरवून, हिशेबानं मारली. म्हणजे आपल्याकडच्या दोन सर्वांत भीषण मालिकांपैकी एका ठिकाणी आजार होता, दुसरीकडे नव्हता. पण सिनेमावाल्यांना आजार सोयीचा पडतो, कारण मग ‘का’ या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. वेडा होता, संपलं! स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कुणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच लोकांकडून मार, हेटाळणी, फसवणूक जास्त सोसावी लागते. हे डॉक्टर मंडळी सांगून सांगून थकली. आमच्या त्या ताईंच्या भावाला गल्लीतली पोरं दगड मारायची, तो कधी उलट धावला नाही.

मग त्या सिनेमाचं काय करायचं? बघूच नये का? मी तसं म्हणणार नाही, त्या ताईही तसं म्हणाल्या नाहीत. फक्त पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतः सिनेमा निवडला, ‘देवराई’, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा, २००४ चा. अतुल कुलकर्णी त्यात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे आणि सोनाली कुलकर्णी त्याची बहीण. तोही कमी पैशातलाच. तो संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर भावाबद्दल सांगितलं. कुणी फार काही बोललं नाही. एका वहिनींनी एवढंच विचारलं, त्याला पोहे आवडतात का, पुढच्या वेळी घेऊन या.

आला तो. मागे खुर्चीवर बसला, अर्धा सिनेमा पाहिला, अर्ध्या वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी ‘मॅसी साहिब’ लावला होता. त्याला रघुवीर यादव ओळखू आले. म्हणाला, हे मुंगेरीलाल.

‘रमण राघव’ बघायचा असेल तर बघा, पण घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर. आणि ‘देवराई’ही शोधा. पुढच्या भागात एम्पायर टॉकीज आणि प्रेमनाथ. नमस्कार.